समोवारचं आमेन

जेवणाआधीची प्रार्थना मी अजून मोठ्याने म्हणते. ऐकायला घरात कुणी नाही, तरी पूर्ण म्हणते, एकही ओळ न गाळता. हा नेम मी १९७२ च्या हिवाळ्यात धरला, तो एका कुत्र्यासाठी. चर्चमधल्या बायकांना हे सांगायची मला बरीच वर्षं लाज वाटत होती. आता त्या बायकाही फारशा उरल्या नाहीत, आणि लाजही.

समोवार माझ्या थोरल्या बहिणीचा, पालागाचा. लांब अंगाचा, आखूड पायांचा, तांब्याच्या रंगाचा डॅशहुंड. त्याला काही हवं असलं की तो भुंकत नसे. तोंड मिटून नाकातून बारीक गुणगुणत बसे. आमच्याकडे चहाचं पाणी ठेवायचा तांब्याचा उभा समोवार असतो, तो उकळी येण्याआधी असाच आवाज करतो. म्हणून पालागाने ते नाव ठेवलं होतं.

पालागा इलोमान्त्सीच्या जंगलाकडेच्या शेतघरात एकटी राहायची. लग्न केलं नाही, गाय ठेवली आणि हा कुत्रा. दर उन्हाळ्यात मी पंधरा दिवस तिच्याकडे जायची. सकाळी ती पडवीच्या दारात स्प्रूसच्या, रानातल्या सूचिपर्णी झाडाच्या, ताज्या डहाळ्या पसरायची. आमच्याकडे पाय पुसायला त्याच असतात, घरभर रानाचा वास येतो. आणि पसरता पसरता समोवारला शिव्या घालायची, "ये, ये, धू माझं पायपुसणं! तुझ्यापायी अर्धं जंगल तोडून झालं माझं!" मी हसायची. त्या हसण्यात पुढे काय दडलेलं होतं ते तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

ऑक्टोबरात पालागा गेली, झोपेतच. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, घर विकायला निघालं, गाय शेजाऱ्यांनी नेली. कुत्रा कुणालाच नको होता. मी त्याला शालीत गुंडाळून बसने योएन्सू शहरात आणला.

योएन्सूत मी आणि आई, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. लिफ्ट नव्हती. मी शिलाईच्या दुकानात कामाला जायची. आई अठ्ठ्याहत्तरची, सरहद्दीपलीकडच्या सालमीहून युद्धात दोनदा घर सोडून आलेली. येताना तिने दुसरं काही नाही, पवित्र प्रतिमा तेवढ्या आणल्या होत्या. त्या मोठ्या खोलीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या लांब पंच्याखाली, आणि त्यांच्यापुढे लाल काचेतला दिवा. तो दिवा लावणं हा माझा सकाळ-संध्याकाळचा नेम.

मी शाल सोडली. समोवारने जमिनीचा वास घेतला.

"हे काय आणलंस?" आई म्हणाली.

"पालागाचा समोवार, आई."

"दिसतंय मला, आंधळी नाही झाले. सालमीत देव घरात असायचे आणि कुत्रा अंगणात. दोघं एका छपराखाली? फादरना कळलं तर घरात पाऊल टाकायचे नाहीत."

"तो स्वयंपाकघरात राहील. प्रतिमांच्या खोलीत येणार नाही."

"त्याला सांगितलंयस का तू तसं?"

आईने त्याच दुपारी दोन खोल्यांच्या मधल्या दारावर जाड पडदा लावला.

पहिल्या संध्याकाळीच एक गोष्ट घडली. मी त्याच्यापुढे बशी ठेवली. तो जवळ आला, बसला, आणि बशीकडे न बघता माझ्याकडे बघत गुणगुणायला लागला. मला वाटलं, आजारी आहे. आईने जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली, तशी गुणगुण थांबली. ती 'आमेन' म्हणाली मात्र, त्याने बशीत तोंड घातलं.

पालागा प्रार्थना लांबलचक म्हणायची, हे मला आठवलं. वर्षानुवर्षं आमेनपर्यंत थांबायची सवय लागलेली.

आई चमचा हातात धरून बघत राहिली. "तू सकाळी कॉफी पिताना क्रॉस करतेस, तोही अर्धा," ती मला म्हणाली. "शीक जरा."

त्यानंतर नवव्या दिवशी, सोमवारी, मी कामावरून परतत होते. जिन्यात माझी पावलं त्याने ओळखली. स्वयंपाकघरातल्या बाकावरून त्याने उडी मारली. मी दार उघडलं तेव्हा तो माझ्याकडे येत होता, पण पुढच्या दोनच पायांवर. मागचे दोन ओल्या मोज्यांसारखे फरपटत होते.

डॉक्टर तीहोनेन मोजकं बोलणारे. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, मागच्या पंजाला चिमटा काढला. समोवारचा पाय ढिम्म हलला नाही.

"मणक्यातली चकती सरकली," ते म्हणाले. "सहा आठवडे पेटीत. जिना नाही, उडी नाही. लघवी त्याला आपणहून होणार नाही, तुम्ही पोट दाबून काढायची, दिवसातून चार वेळा. पायात जीव यायला लागला की त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवा. कुठं करायची, कशी करायची, सगळं. पिल्लासारखं."

"आणि सहा आठवड्यांनी?"

"आठ जानेवारीला घेऊन या. पाय थोडे लटपटले तरी चालतील. पण लघवी आपणहून व्हायला हवी. नाहीतर ती आत साठून सडते, कुत्रा वेदनेत जातो. मग मी त्याला कायमचं झोपवीन. त्याच्या भल्याचंच असेल ते."

मी त्याला कोटाच्या आत घेऊन घरी आले. पालागाचं घर गेलं, गाय गेली, तिच्या विहिरीचा रहाटसुद्धा कुणी उचलून नेला होता. तिचा आवाज ओळखणारं एवढं एकच जिवंत उरलं होतं, आणि त्याला मी नऊ दिवसांत मोडून ठेवलं. नाताळआधीचा चाळीस दिवसांचा उपास चालूच होता. त्या रात्री दिव्यापुढे मी आणखी एका नेमाचा नवस बोलले: हा आपल्या पायांवर उभा राहून आपणहून मोकळा झाला, तर पालागासारखी प्रार्थना मी मरेपर्यंत प्रत्येक घासाआधी म्हणेन, मोठ्याने.

बटाट्यांची लाकडी पेटी आणली, तळाशी जुनं घोंगडं घातलं. सकाळी कामाला जाण्याआधी, संध्याकाळी आल्यावर आणि झोपताना मी दाबत असे. मला ते जमत नव्हतं. माझी बोटं घाबरायची, तो अंग ताठ करायचा, दोन थेंब यायचे आणि आम्ही दोघंही घामाघूम. राहिला दुपारचा प्रश्न. दुकानातून दुपारी येणं मला शक्य नव्हतं. आईला विचारायची माझी हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आले तर पेटीखालचा कागद बदललेला, समोवार पाय ताणून निवांत झोपलेला.

"आई, तू?"

"मग कोण, फादर?" आई विणकामातून वर न बघता म्हणाली. "पन्नास वर्षं गाई पिळल्यात मी. तू त्याला कणीक तिंबल्यासारखं करतेस. आधी हात गरम करायचे, मग त्याच्याशी दोन शब्द बोलायचे, मग खालून, हळूच. आपोआप सोडतो. इकडे ये, दाखवते."

तिने समोवारला मांडीशी घेतलं, सुरकुतलेले हात एकमेकांवर चोळले आणि सालमीच्या गोठ्यातल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. भांड्यात धार लागली. समोवारने डोळे मिटून घेतले.

"पाव लिटर," आई म्हणाली. "चांगल्या जातीचा दिसतोय."

त्या दिवसापासून दुपारचं दोहणं आईचं झालं. मी आले की ती हिशोब सांगायची: किती, कसल्या रंगाची, किती वेळ गुणगुणला. रेडिओवर रोज समुद्रावरच्या हवामानाचा अंदाज लागे, दीपगृहांची नावं आणि वाऱ्याचे वेग. समोवार तो कान टवकारून शेवटपर्यंत ऐके, आणि आई त्याच्यासाठी आवाज वाढवून ठेवी. पावाचा तुकडा दिला तर खात नसे; तोंडात धरून पेटीच्या कोपऱ्यात घोंगड्याखाली पुरून ठेवायचा. शनिवारी मी घोंगडं झटकलं की आठवड्याचे तुकडे खाली पडत आणि तो माझ्याकडे असा बघे, जणू मी त्याची तिजोरी फोडली.

पडदा मात्र होता तिथेच होता.

नाताळच्या आठवड्यात चिमटा काढल्यावर त्याने पहिल्यांदा पंजा मागे ओढला. आई क्रॉस करून म्हणाली, "दुखतंय त्याला, देवाची कृपा!" तीन-चार दिवसांत तो पोटाखाली धरलेल्या जुन्या पंच्याच्या आधाराने उभा राहू लागला. आईने जाड तागाच्या कापडाची, दोन दांड्यांची झोळी शिवून दिली. ती पोटाखालून घालायची आणि मागचा भाग उचलून धरायचा. आता त्याला शिकवायचं होतं.

इथेच सगळं अडलं.

मी त्याला तीन मजले उचलून अंगणात नेई. उणे सव्वीस, कधी अठ्ठावीस. बर्फ फावड्याने खरवडून मी एक कोपरा केला होता, रोज तोच. झोळी धरून उभी राहायची. तो एक पंजा वर धरायचा, मग दुसरा, मग माझ्याकडे तोंड करून गुणगुणायचा. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. माझ्या पापण्यांवर बर्फ साचे. इमारतीचा रखवालदार हुत्तुनेन फावड्यावर रेलून बघत राही.

"काय इरोबाई, लागली का उकळी?"

"अजून नाही, हुत्तुनेन."

"खालून जाळ कमी पडतोय. दोन कोळसे आणून देऊ?"

घरात वर्तमानपत्रं पसरली. समोवार त्यांच्यावर छान झोपला. वाळू आणली, ती त्याने उकरून सगळ्या स्वयंपाकघरात उडवली. कुणी बघत असलं की होत नसेल म्हणून आम्ही दोघी पाठ फिरवून उभ्या राहिलो, आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुत्र्याची अदब राखतेय. पालागा वरून हसत असेल."

पाय रोज सुधारत होते. पण आपणहून एक थेंब नाही. आईच्या हाताखालीच तो सोडायचा. दिवस संपत आले. पाच जानेवारीला मी अंगणातल्या त्या कोपऱ्यात उभी राहून रडले. हुत्तुनेनने बघितलं आणि तो फावडं उचलून दुसऱ्या दाराकडे गेला.

सहा जानेवारीला आमच्याकडे प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. नदीवर बर्फ कापून पाणी आशीर्वादित करतात आणि मग फादर ते पाणी घेऊन घरोघर येतात, प्रत्येक खोलीत शिंपडतात. आमच्याकडे ते रविवारी, सातला दुपारी यायचे होते. डॉक्टरांची वेळ सोमवारी सकाळी.

फादर येणार म्हणजे उंबऱ्याशी ताज्या डहाळ्या हव्यातच. शहरात मी एरवी रबराचं पायपुसणं ठेवायची. वर्षात एकदा, याच दिवशी, बाजारातून स्प्रूसचा भारा आणायची. तसा आणला. दारात जाड थर पसरला. घरभर पालागाच्या पडवीचा वास सुटला आणि मला डोळे पुसायला आत जावं लागलं. एवढा वास आला, डोळे भरून आले, आणि तरीही माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला नाही.

"कुत्रा न्हाणीघरात," आई म्हणाली. "पेटीसकट. आणि दार बंद. फादर फेओदोरांना कळायला नको. प्रतिमांच्या घरात कुत्रा आहे म्हटल्यावर आशीर्वाद न देताच गेले तर?"

"आई, खोटं बोलायचं फादरशी?"

"बोलायचं कुठं म्हणतेय मी? त्यांनी विचारलं नाही तर सांगायचं नाही, एवढंच."

न्हाणीघराचं दार पुढच्या अरुंद बोळात, उंबऱ्याच्या बाजूलाच उघडायचं. मी पेटी आत ठेवली. दिवा घालवला तसा समोवार आत गुणगुणायला लागला. घंटा वाजली. मी धावले, दार लोटायचं काम आईवर सोडून.

फादर फेओदोर उंच, वाकून आत आले. बरोबर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी बुटांवर चढवलेले रबरी गॅलोश काढले, बूट काढले, दोन्ही नीट डहाळ्यांवर जोडून ठेवले आणि जाड लोकरी मोज्यांत प्रतिमांपुढे जाऊन उभे राहिले. आईने नवा रुमाल बांधला होता. मी दिव्याची वात सारखी केली. प्रार्थना सुरू झाली.

आमच्या प्रार्थनांत आमेन पुष्कळ. पहिलं आमेन झालं. बोळातून लाकडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी आईकडे बघितलं. ती प्रतिमेकडे फारच भक्तिभावाने बघत होती. दुसरं आमेन. पेटी आपटली. मला सगळं कळलं, पण जागचं हलता येईना. प्रत्येक आमेनला आत कुणालातरी वाटत होतं की जेवण वाढलंय.

तिसऱ्या आमेननंतर फादर पाण्याचं भांडं आणि डहाळ्यांची जुडी घेऊन वळले, शिंपडत बोळाकडे आले, आणि थांबले. मी त्यांच्या मागे, आई माझ्या मागे.

समोवार डहाळ्यांच्या मधोमध उभा होता. झोळी नाही, हात नाही. मागचे पाय वाऱ्यातल्या गवतासारखे थरथरत होते, पण चारही पाय जमिनीवर. नाक डहाळ्यांत खुपसून त्याने एक खोल श्वास घेतला. मग हळूहळू, मोठ्या विचाराने, उजवा मागचा पाय इंचभर उचलला.

धार लागली. डहाळ्यांवर, आणि फादरच्या डाव्या गॅलोशमध्ये. थांबेचना.

रबरावर पडणाऱ्या धारेचा तेवढा आवाज.

"पालागाचं पायपुसणं," मी म्हणाले. "आई, तो पालागाचं पायपुसणं शोधत होता."

आई खाली बसली, तिथेच जमिनीवर. "झालं गं बाई," ती म्हणाली, "आपलं आपण झालं!" आणि रडायला लागली. मी तिला युद्धातून येतानाही रडताना बघितलं नव्हतं.

फादर फेओदोर एकदा गॅलोशकडे आणि एकदा आईकडे बघत होते. "अहो, रडू नका," ते म्हणाले. "गॅलोश धुता येतात. त्यासाठीच तर ते असतात."

"गॅलोशसाठी रडत नाही हो ती," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगितलं. सहा आठवडे, डॉक्टर, उद्याची सकाळ. पडद्याचंसुद्धा. आईने खाली बसूनच भर घातली, "लपवलं मी, फादर. प्रतिमांच्या घरात कुत्रा ठेवला. आणि न्हाणीघराचं दारही मीच पूर्ण लावलं नाही. अंधारात एकटा गुणगुणत होता. मला बघवलं नाही."

फादरनी हातातल्या भांड्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भांडं झाकतील.

"आमच्या घरी दोन मांजरी आहेत," ते म्हणाले. "एक माझ्या सणाच्या झग्यावरच झोपते. मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं." मग त्यांनी जुडी पाण्यात बुडवली. "मी घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद द्यायला आलोय. सगळे म्हणजे किती जण?"

"तीन," आई म्हणाली.

त्यांनी तिघांवर पाणी शिंपडलं. समोवार शिंकला. फादर आमेन म्हणाले तसा तो वळून, लटपटत, थेट स्वयंपाकघरात बशीपाशी जाऊन बसला. फादर आमच्याकडे कॉफी आणि राय धान्याच्या पारीत भात भरलेल्या पिराक्का खाऊन, एका पायात हुत्तुनेनचा गॅलोश घालून घरी गेले.

सोमवारी मी एका पिशवीत कुत्रा आणि दुसरीत डहाळ्या घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर तीहोनेननी फरशीवर डहाळ्या पसरलेल्या बघितल्या, समोवारने काय केलं ते बघितलं, मग त्याचं पोट चाचपलं.

"रिकामं," ते म्हणाले. "घरी न्या."

त्यानंतर तो साडेसहा वर्षं जगला. चाल कायमची वाकडी राहिली. मागचा भाग पुढच्याला मागे टाकायला बघायचा. हुत्तुनेनने अंगणातल्या त्या कोपऱ्यात डहाळ्यांचा ढीग ठेवला आणि दर आठवड्याला बदलला. "समोवारचं मंदिर," असं तो म्हणायचा. मी त्याला तसं म्हणू नको म्हणायची. मधल्या दारावरचा पडदा आईने त्याच संध्याकाळी काढला आणि त्यातून समोवारचं पेटीतलं अंथरूण शिवलं. संध्याकाळी मी दिवा लावताना तो त्या मधल्या उंबऱ्यावर येऊन बसायचा, आत मात्र कधी आला नाही. त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

तो गेला, त्यानंतर दोन वर्षांनी आई. शेवटच्या आठवड्यात तिला माणसं नीट ओळखू येत नव्हती. एका दुपारी तिने पांघरुणावर हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि विचारलं, "त्याचं दुपारचं झालं का गं?" मी म्हटलं, "झालं, आई. पाव लिटर." ती समाधानाने झोपली.

जानेवारीत मी अजून बाजारातून डहाळ्यांचा एक भारा आणते. हल्ली लिफ्ट आहे, वर नेणं सोपं. विकणारी मुलगी विचारते, "थडग्यावर घालायला का, आजी?" मी म्हणते, "नाही, दारात." घरभर वास सुटतो. मग मी सूप वाढून घेते, पालागाची प्रार्थना पूर्ण म्हणते, आमेन म्हणते, आणि चमचा लगेच उचलत नाही. आधी त्याने सुरुवात करायची, ही आमची रीत होती.